एकदाच दिसलेले

मार्केट यार्डात रव्यावर हात ठेवला
की गुळाचं वजन मला कळतं.
पाव किलो इकडंतिकडं, बस.
त्याहून चुकलो तर हमालसुद्धा
अप्पा म्हातारा झाला म्हणून हसतील.

आमची त्रिशला विद्यापीठात किड्यांवर शिकते.
दिवस मावळायच्या आत, भाकरी मोडता मोडता म्हणाली,
पृथ्वीवर जीवांच्या जाती सत्त्याऐंशी लाख,
तेरा लाख कमी नाहीतर जास्त.
माझा घास हातातच राहिला.
तेरा लाखांची तूट
कुठल्या अडत्याच्या वहीत खपेल?
"हे बी एकाचंच गणित, अप्पा.
दुसरा वीस लाख म्हणतोय, तिसरा कोटींत जातोय.
नाव दिलेलेच मोजावेत, तर त्यातबी
एकाच किड्याची चार चार नावं."

बस्तीत उपाध्ये चौऱ्याऐंशी लाख योनी सांगतात.
निदान दरवर्षी तेवढ्याच सांगतात.

भाद्रपदात ती मला मसाईच्या पठारावर घेऊन गेली,
सोबतीला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.
दोन काठ्यांना माझं जुनं धोतर बांधलं,
स्कूटरच्या बॅटरीवर दिवा.
धुकं असं की पन्हाळा कुठल्या अंगाला राहिला कळेना.
आणि पतंग आले.
काकवीच्या रंगाचे, राखेचे,
एक ओल्या तंबाखूच्या पानासारखा,
एक एवढा बारीक
की धोतराच्या विणीत त्याला वाटा फुटल्या.
मी पाचापाचाच्या रेघा ओढत होतो, यार्डातली सवय.
चाळीस, बेचाळीस. खुशीत होतो.

"परत परत येतात ते सोडा, अप्पा.
एकदाच आलेत असे किती, ते सांगा."
का म्हणून?
"एकेकटे जेवढे जास्त
तेवढे न आलेले जास्त.
अंदाज त्यांच्यावरनंच काढाय लागतोय."

पेन्सिल धरून तसाच बसलो.
एकदाच दिसलेले.
निपाणीच्या स्टँडवर माझ्या पिशवीचा तुटलेला बंद
न विचारता शिवून देणारी बाई.
पुरात समोरच्या छपरावरून
काडेपेटी आहे का, असं ओरडणारा माणूस.
सीपीआरमध्ये एका सकाळीपुरता आलेला
त्रिशलाचा थोरला भाऊ,
ज्याचं बारसं राहून गेलं.
ह्या हिशेबानं तर
मी जगात अजून काहीच पाहिलेलं नाही.

दोनच्या सुमाराला एक आला.
हिरवा म्हणावा तर हिरवा नाही,
पंखाच्या कडेला कुणी नख ओढल्यासारखं.
त्रिशलानं दोन पुस्तकं चाळली,
पुन्हा पहिल्यापासून चाळली,
मग बाटली काढली, झाकणाखाली औषधाचा कापूस.
"नाव द्यायचं तर एक ठेवाय लागतोय."
म्हणजे मोजणीत यायचं
तर एकानं आधी मरायचं.

मी पाणी गाळून पिणारा माणूस.
ती माझ्याकडं बघत होती.
मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.
दरीकडं तोंड करून उभा राहिलो,
जिथं धुक्याशिवाय काही नव्हतं बघायला.

वळलो तेव्हा बाटली पिशवीत गेली होती,
धोतरावर ती जागा मोकळी.
वहीत लिहिलं होतं: एक.
पुढचा रकाना कोरा.
तो उडाला की राहिला, विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

सोमवारी यार्डात पहिला रवा काट्याशी आला.
बोला अप्पा, किती?
रव्यावरनं एक मुंगी चालली होती,
काळी, पोटाशी जराशी तांबूस.
अशी आधी कधी पाहिली होती का
आठवेना.
मागं सौदा खोळंबलेला, हमाल घामेजलेले.
म्हणालो, थांबा जरा,
तिला उतरू दे.