अडतीस अंश

पहिल्यांदा कळलं ते कांजिण्यांत.
चार वर्षांची सनेल्मा पलंगावर बसून
माझ्या ओठांकडे बघत राहिली,
जणू मी काचेपलीकडून बोलत होते.
ताप उतरला, तसा
आधी स्वयंपाकघरातला नळ तिला ऐकू आला.
"आई, पाणी परत आलं."

औलूच्या इस्पितळात डॉक्टर हिएतालांनी
कागदाच्या पाठीवर कानातली एक पेशी काढली.
आवाज आला की हिच्यात कॅल्शियम शिरतं, म्हणाले,
अंड्याच्या टरफलातलं, हाडांतलं, तेच.
एक प्रथिन ते झेलतं
आणि निरोप पुढे धाडतं.
हिचंही झेलतं, नीट झेलतं.
फक्त अंग अडतीसच्या वर गेलं
की त्याची मूठ सैल पडते.

"आणि डोळे?"
डोळ्यांचं उलटं. अंधारात
पेशीत कॅल्शियम साठून असतं,
उजेड पडला की ओसरतं,
तिथली प्रथिनं रित्या हातांनी
तिला पुन्हा पाहण्याजोगी करतात.
डोळे तिचे उत्तम आहेत.

कान भरतीने ऐकतो, डोळा ओहोटीने पाहतो.
हे त्यांचं वाक्य नाही, मला बसमध्ये सुचलं,
खिडकीबाहेर आमचा गोठलेला समुद्र,
ज्याला भरती-ओहोटी फारशी ठाऊकच नाही.

सात वर्षं ती सॉनात खालच्या फळीवर बसली,
दाराच्या फटीपाशी.
या शनिवारी सरळ वर चढली,
तौनोआजोबांच्या शेजारी.
त्यांनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं,
आणि निसटलेल्या माशाची गोष्ट काढली,
दरवर्षी वीतभर लांब होणारी.
ती माना हलवत राहिली.
मला दिसत होतं, एक शब्दही पोचत नव्हता.
तिचा चेहरा इतका निवांत
मी कधी पाहिला नव्हता.

मग दोघं बाहेर, बर्फातल्या भोकाकडे.
मी टॉवेल घेऊन फळकुटावर उभी.
आधी नुसता काळोख.
हळूहळू माझ्या डोळ्यांत काहीतरी भरत गेलं,
शिडीची कड दिसली,
मग तिच्या खांद्यांवरून उठणारी वाफ.

"सनेल्मा."
थोडं थांबून, "सनेल्मा."
कानांत प्राण असतात म्हणतात,
माझे तिच्या कानांत होते.
तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.
पंप गुरगुरत होता, लांब कुठे बर्फ तडकलं.

"किती हाका मारशील?" पाठमोरीच बोलली ती.
"पहिलीच ऐकली होती."