अकरा महिने

येरवड्यात, संग्रहालयामागच्या नळावर
मी टूथब्रशनं खापरं धुते.
इनामगावची. एकाच्या आतल्या अंगाला
अंगठ्याचा ठसा, ओल्या मातीत राहून गेलेला.

शेजारच्या ट्रेत जळके सातू, चार दाणे.
पेरलं की उगवेपर्यंत थांबावं लागतं;
आधी तेवढंच ठरलं असेल.
हरणामागचे पाय तरी
रोज वेशीपर्यंत जाऊन येत असतील.

मग मूल गेलं.
दोन मडक्यांची तोंडं जुळवून
घरातच पुरलं, वर सारवलं,
चूल पेटवली.
आता ती कुठं जाणार?

पाच वाजता घरमालकाचा फोन:
अकरा महिने भरले, खोली रिकामी करा.
बरं म्हणते. सामान काय, दोन बॅगा.

हात धुते. करंगळीच्या नखात
तिची थोडी जमीन राहिलीय.
तेवढी राहू देते.