माया न सोडता

घाटबांधे मॅडम दुकानात आल्या
एका हातात कुत्री, दुसऱ्या हातात विकतची बॅग.
"मोरेश्वर, ही साडेबाराशे ग्रॅम आहे."
बरं मग?
"आणि ही सहा किलो एकशे ऐंशी."

विमानात कुत्री अधिक बॅग मिळून सात किलो.
वर एक ग्रॅम गेला की खाली, सामानात.
"सामानात मी तिला जाऊ देणार नाही,"
वर्गात म्हणत असतील तशा म्हणाल्या,
पेन्सिलीनं लिहिलेलं चालणार नाही.

बर्डी तिचं नाव. व्हरायटी चौकात सापडलेली,
भर मे महिन्यात, बुटांच्या खोक्यात.
तिकीटवाल्या पोरानं फोनवर नाव ऐकलं
आणि म्हणाला, मॅडम, पक्षी अलाउड नाही.
त्या सांगताना हसल्या नाहीत. मीच हसलो.

खर्च लिहिला होता लग्नपत्रिकेच्या पाकिटावर:
स्वतःचं तिकीट बेचाळीसशे.
बर्डीचं साडेसहा हजार,
सीट नाही, खिडकी नाही,
पुढच्या सीटखाली, पायाशी, चेन लावून.
डॉक्टरचा दाखला आठशे,
तोही तीन दिवसांच्या आतला,
तारीख हुकली की पुन्हा आठशे.

मी मनात शिलाईनं मोजलं.
साडेसहा हजार म्हणजे सव्वीस ब्लाउज,
बिनअस्तराचे.
बोललो नाही, पण गणित शिकवायच्या त्या,
माझ्या तोंडावरचं उत्तर वाचलं असेल.
"परतीचं नाही काढलं," एवढंच म्हणाल्या.

टेप काढली.
गळा, छाती, मानेपासून शेपटीपर्यंत.
कुत्रीला हात वर करा म्हणता येत नाही.
तिनं टेप चाटली,
चौदाचा आकडा तेव्हापासून पुसट आहे.

तेवीस वर्षं हे दुकान त्रिमूर्तीनगरात.
सोनेगावला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात.
त्यांची पोटं मला पाठ आहेत,
आत काय असतं, ठाऊक नाही.

मच्छरदाणी घेतली, छत्रीचं कापड घेतलं,
पुठ्ठ्याऐवजी तळाला बांबूच्या कामट्या.
किराण्याच्या काट्यावर, गुळाच्या भेलीशेजारी, बॅग ठेवली.
"काऊन भाऊ, रिकामी थैली तोलून राह्यले?"
आठशे चाळीस.
चालणार होते आठशे वीस.
पितळी खटका काढून प्लॅस्टिकचा लावला.
आठशे तेवीस.

तीन ग्रॅम.

मग मी ते केलं जे उस्तादानं कधी करू दिलं नसतं.
आमच्या धंद्यात शिवणीत माया सोडतात,
अर्धा इंच, पाऊण इंच, आतल्या बाजूला, कुणाला न दिसणारी.
पोर उंच होतं, बाई बाळंतीण होते,
उसवायचं, माया काढायची, पुन्हा टीप.
घाटबांधे मॅडमचे ब्लाउज मी दोनदा सैल केले
आणि सर गेले त्या वर्षी सगळेच्या सगळे आत घेतले.
कापड तेच. मायेवर निभावलं.

बॅगेची माया कापली.
कडेकडेनं, कात्री अगदी टीपेला लावून.
बर्डी आता आठ वर्षांची, वाढून किती वाढेल.
दुहेरी टीप मारली.
आठशे अकरा.
कुत्रीसकट सात किलोला नऊ ग्रॅम कमी.

"किती झाले?"
साडेचारशे.
"चारशे घे."
साडेसहा हजारापुढं जिभेवर शब्द न आणलेली बाई
पन्नास रुपयांसाठी माझ्या पाटावर बसून राहिली.
मीही हटलो नाही.
सव्वाचारशेवर मिटलं,
आणि मग दोघांनी चहा घेतला.
बर्डीला बिस्किट दिलं नाही, वजनाच्या भीतीनं.
ती बघत राहिली.

बुधवारी चार वाजता एक विमान वरून गेलं.
पायडल थांबवलं.
पण ते उतरणारं होतं,
जाणारी पलीकडून वळतात,
इथून दिसत नाहीत.

कातरलेली माया बटणांच्या डब्यात आहे.
पोऱ्या विचारतो, काका, ह्या चिंध्या फेकू काय?
म्हटलं, राहू दे.