आड येणारी चार ओळी

क्लाक्सविकच्या बंदरावर, मासळीच्या गोदामावरल्या खोलीत
रानवा एका बेटाचं पान बांधते आहे.
एकच लांबलचक पान: पफिन पक्षी, गवती छपराचं चर्च,
मेंढ्यांच्या वाटा,
आणि पार तळाशी हानुसचा फोन नंबर,
कारण पाहुण्यांना खोली देणारा बेटावर तोच एक.

वरच्या शब्दावर क्लिक केलं
की पान आधी दाणकन खाली आदळायचं.
"कड्यावरून ढकलल्यासारखं गं," आई म्हणाली होती.
म्हणून रानवाने स्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या:
प्रत्येक लिंकच्या उंबऱ्यावर उभं राहा,
तिला म्हण, थांब.
मग पाऊण सेकंदात, हात धरून,
अलगद खाली ने.

आणि नेलं की!
चर्च सावकाश वर सरकलं, मेंढ्या आल्या.
ती सबंध संध्याकाळ रानवा नुसती वर-खाली करत राहिली,
नव्या कपाटाचा खण
उगाच उघडावा-मिटावा तशी.

सोमवारी हानुसचा फोन.
"बोटीच्या वेळा उघडत नाहीत. दाबतोय, दाबतोय.
हे दार नाही पोरी,
दाराचं चित्र आहे भिंतीवर."
फोनमध्ये वारा होता,
आणि कुणाच्या तरी बॅगेची चाकं, फरशीवर, अस्वस्थ.

बोटीच्या वेळा दुसऱ्याच पानावर होत्या, दुसऱ्याच्या घरी.
तिच्या चार ओळींनी त्या लिंकलाही म्हटलं होतं, थांब,
मग न्यायला खाली जागाच सापडली नव्हती.
हानुसकडे सगळं चिडीचूप.
लाल अक्षरं ओरडत होती ती पडद्याआड,
जिथे तो जन्मात डोकावला नसता.

रानवाने अट घातली.
पत्ता हॅशने सुरू होत असेल, तरच.
ती जागा खरोखर याच पानावर असेल, तरच.
बाकी कुणाच्या आड यायचं नाही.
जाणाऱ्याला जाऊ द्यायचं.

मग आणखी एक, आईसाठी,
जिला हल्ली घरंगळत्या पानाने घेरी येते:
ज्याने यंत्राला सांगून ठेवलंय की हालचाल कमी कर,
त्याला सरळ नेऊन सोड.
कडा तर कडा.

मागे जायचं बटण अजून नीट चालत नाही.
ते उद्या.

दुपारी हानुसचा पुन्हा फोन.
"उघडलं," म्हणाला, "झटक्यात उघडलं."
मग जरा थांबून,
"आज बोट नाहीये.
वारा आहे."