खिडकीकडची ओळ

साखर पेठेत आमच्या कारखान्यामागं
चार पावलांची जागा होती.
फुटक्या बॉबिनी, जळकं तेल, कोरडा नळ.
मारुतीमामा बिंगीनं दसरा झाल्यावर तिथं जवस पेरला.

मामा जॉबर. मागाचा नुसता खडखडाट ऐकून
कुठला नट ढिला ते सांगायचा.
बी मंगळवेढ्याचं, चटणीला आणलेल्यातलं मूठभर.
"चटणी सगळेच खातात," म्हणाला,
"ह्याच्या काडीत सूत असतं, ते कुणी बघितलंय?"
आई हसली. घरात आम्ही त्याला अविसे म्हणतो.
सात पिढ्या विणकाम,
आणि अविसेत सूत असतं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

सहा ओळी.
पहिली खिडकीखाली, सहावी पलीकडच्या भिंतीला.
रात्रपाळीचा ट्यूबलाइट त्या खिडकीतून
पहिल्या ओळीवर सांडायचा.
खिडकीच्या आत, स्टुलावर, मी.
अकरा वर्षांची. कांड्या भरत.

डिसेंबरात सोलापूरचा दिवस अकरा तासांचा,
मामानं पंचांगातून उतरवला होता, मिनिटांसकट.
पण खिडकीकडच्या ओळीचा दिवस
रात्री साडेबाराला मावळायचा,
मालक मेन स्विच पाडायचा तेव्हा.

बेचाळिसाव्या दिवशी ती फुलली.
निळी. सकाळी उघडलेली, डब्याच्या सुट्टीपर्यंत गळून गेलेली,
रंगाच्या पिंपात बोटं बुडवून
कुणी मातीवर झटकावीत तशी.
भिंतीकडची ओळ हिरवीच.
नुसती वर जात राहिली,
जणू तिला कुणी हाक मारली नव्हती अजून.
तिचं निळं यायला आणखी सोळा दिवस.

टॉवेल मोजायच्या टेपनं मामानं मोजलं.
खिडकीकडे अठरा इंच. भिंतीकडे सत्तावीस.
"उजेड लांबवला की ह्याला वाटतं उन्हाळा आला.
मग उंची टाकून बोंडाच्या मागं लागतं येडं."
असं म्हणत त्यानं टेप माझ्या डोक्याला लावला, गंमत म्हणून.
आकडा बोलला नाही.
वहीतही नाही तो. मी नंतर शोधला.

काड्या पिंपात आठ दिवस भिजल्या.
पेठभर असा वास, की चिप्प्यांची म्हातारी
नाकाला पदर लावून भांडायला आली.
मग ठेचल्या मोगरीनं, विंचरल्या कंगव्यानं,
माझ्याच कंगव्यानं.
भिंतीकडचा धागा लांब निघाला, राठ, ओढला तरी हूं की चूं नाही.
खिडकीकडचा आखूड. आणि मऊ,
इतका मऊ की मामा तो बराच वेळ
बोटांत फिरवत राहिला, विडी विझली तरी.
"ताण्याला नाही चालायचा हा," शेवटी म्हणाला.
"आडवा घालता येईल. दुसऱ्याच्या आधारानं."

पुढच्या वर्षी मालकानं आठ माग भंगारात काढले.
रात्रपाळी गेली, खिडकी काळी झाली.
मामानं तरी पेरलं.
सहाही ओळी एकदम फुलल्या, अठ्ठावन्नाव्या दिवशी.
वहीत एकच शब्द: सारखं.
त्यापुढं किराण्याची उधारी.

मी परत शाळेत गेले त्या जूनमध्ये.
वर्गात सगळ्यांत बुटकी,
तोंडी हिशोबात सगळ्यांच्या पुढं.
बाई कौतुकानं म्हणायच्या, किती लवकर शहाणी झाली ही.
रात्री दिवा घालवला की मला झोप यायची नाही.
साडेबारा होईपर्यंत
हात अंथरुणावर कांडी फिरवत राहायचे.

वही आता माझ्याकडे आहे.
आत खुणेला दोन्ही धागे जोडून पिळलेली एक दोरी.
चष्म्याशिवायही कळतं मला
बोट फिरवताना
कुठं राठ संपतं नि कुठं मऊ लागतं.
मऊ लवकर संपतं.