आधी पायवाट

पहाटेचे पावणेचार. उणे एकोणीस.
सिनी, थर्मास पायाशी ठेव, मांडीवर नको.
आणि यंत्र उजवीकडे वळव.
नाही, मोठा रस्ता नाही.
आधी पायवाट.

पूर्वी उलटं होतं.
मोटारींचा रस्ता आधी, काळाभोर, कोरडा ठणठणीत,
त्यावरचा बर्फ लोटायचा कडेला.
आणि कडेला म्हणजे कुठे?
माणसं चालतात तिथे.
गुडघाभर ढीग. एका रात्रीत त्याचा दगड.
अकरा वर्षं मीच लोटलाय तो,
पगार चोख घेतलाय.

पोस्टातला ओस्मो त्या ढिगाला वळसा घालायला
सायकल हातात धरून रस्त्यावर उतरला.
ट्रकवाल्याची चूक नव्हती, म्हणाले.
ओस्मोचीही नव्हती.
अहवालात एक ओळ कोरी राहिली.
तिथे कुणाचं नाव बसतं, मला ठाऊक होतं.
कुणी विचारलं नाही.

मग शाळेच्या जेवणघरात सभा.
साहेबांनी तक्ते आणले होते.
आउनेबाईंनी पिशवीतून मनगटाचं प्लास्टर काढलं,
उभं कापलेलं, दोन फाका,
टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ही माझी फाईल.
मोटार वीतभर बर्फातून जाते, मी जात नाही.
एवढंच बोलून त्यांनी कॉफी मागितली.

यंत्र तेच आहे, सिनी. डिझेल तेच.
बोथनियाच्या आखातावरून येणारा वाराही तोच,
कान कापून नेणारा.
बदललं ते फक्त आधी आणि नंतर.
त्यालाही तीन हिवाळे लागले,
आणि मला शिव्या पडल्या गॅरेजमधून निघणाऱ्यांच्या.
पडू देत.

सव्वासातला शाळेच्या वळणावर थांबू आपण.
अंधारच असेल.
आधी एक दिवा दिसेल, डगमगता,
मग पाच, मग मोजायचं सोडून देशील.
पाठीवर दप्तरं, पापण्यांवर हिव,
मागे एक बाबागाडी, निवांत,
कुणाचीही क्षमा न मागता चाललेली.

आणि ओस्मो येईल. डावा गुडघा वाकत नाही त्याचा.
मला पाहून तो काठी उचलतो, रोज.
नमस्कार असतो की हिशेब,
मला अजून कळलेलं नाही.

पातं खाली घे. अजून थोडं.
आणि वळणावर खडी टाकताना
हात आखडू नकोस.