दुहेरी गाठ

पहाटे पावणेसहाला उशीखाली फोन थरथरतो.
डोरीनचा एकच शब्द: ‘बूट?’
मी पांघरुणातूनच खोटं लिहिते: ‘घातले.’
आणि मग खोटं उघडं पडू नये म्हणून
काळोखात चाचपडत बूट शोधते.

शिपलीतला नोव्हेंबर म्हणजे
ओल्या घोंगडीखालून पाहिलेलं जग.
कालव्याकाठी, दिव्याच्या खांबाशी तिघी उभ्या,
किटल्यांसारख्या वाफा सोडत:
डोरीन, पासष्टीची, जन्मभर बस चालवलेली;
परवीन, हिजाबावर कानटोपी, पोरांचे डबे भरून आलेली;
आणि केट, जी रोज सांगते की आज ती येणारच नव्हती.
‘वैजयंती’ एकीच्याही जिभेला झेपत नाही.
‘व्हेज’ म्हणतात.
मी शाकाहारी. चालतंय.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला होता.
साखर उंबरठ्यावर आहे म्हणाल्या, आत यायच्या बेतात.
मी घरी येऊन साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला
आणि स्टुलावर चढून खात राहिले.
‘तोही व्यायामच की,’ केट म्हणाली हे ऐकून,
आणि हसण्याच्या भरात परवीनने मला
बुटांच्या दुकानात कधी नेलं, कळलंच नाही.

पहिल्या दिवशी धावले दोन खांबांएवढं.
छातीचा भाता, पोटरीत गोळा.
बदकं बाजूला झाली,
मानाने नव्हे, माझ्या धापेला घाबरून.

मग एक पूल. मग दोन.
तिसऱ्या पुलाशी माझं सगळं संपायचं
आणि नेमकी तिथेच डोरीनची नाडी सुटायची.
रोज.
ती वाकायची, पुटपुटायची,
बूट करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची,
तोवर माझा श्वास ठिकाणावर यायचा.
मी मनात म्हणायची, बरं झालं बाई.

दिवाळीत चार दिवस गेलेच नाही.
चकल्या, पाऊस, ठणकणारा घोटा;
कारणांना काय, हाक मारली की येतात.
पाचव्या दिवशी ‘बूट?’ला उत्तरही दिलं नाही.
पडदा सारून पाहिलं तर तिघी माझ्या फाटकाशी.
बेल नाही, हाक नाही.
परवीन एका पायावर उड्या मारत ऊब आणत होती.
लाजेने चकल्यांचा डबा घेऊनच खाली उतरले.
‘परत आल्यावर,’ डोरीन म्हणाली,
आणि डबा पायरीवर ठेवून चालू लागली.

फेब्रुवारीत तिचा गुडघा बदलला.
भेटायला गेले तेव्हा म्हणाली,
तेवढे बूट आत ठेव, दारात ओले होतायत.
उचलले.
नाड्यांना दुहेरी गाठ,
गाठीवर चिखल, वाळून दगड झालेला,
कित्येक महिन्यांचा.
ती गाठ न सोडताच बूट घालत होती, काढत होती.

मी उभी राहिले बूट हातात धरून.
‘चहात साखर?’ तिने आतून विचारलं.
‘नको,’ म्हणाले, आणि घसा उगाच खाकरला.
त्या विषयावर आम्ही अजून बोललेलो नाही.

आता एप्रिल. डोरीन काठी टेकत
खांबाजवळच्या बाकापर्यंत येते,
तिथून आम्हाला वेळा ओरडून सांगते, बहुधा चुकीच्या.
बेकरीतली मॅग्डा नवीन आलीय,
तिसऱ्या पुलाशी तिचा चेहरा बीटासारखा होतो.

माझ्या बुटांना नाड्या नाहीत,
चिकटपट्टी आहे.
मग मी कठड्याशी थांबते,
वाकून बदकांची चौकशी करते,
एकेकाची, सविस्तर,
तिचा श्वास परत येईपर्यंत.